मनगटाचा अस्थिभंग व आप्तांचें कर्तव्य

गतवर्षीं ज्येष्ठाच्या अखेरीस आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत लहानथोर सर्व आक्का म्हणतात, ओल्या अंगणांत पाय घसरून उजव्या तळहातावर पडल्या. वय अडुसष्ट. त्या प्रसंगीं आम्ही जें शिकलों व जेथें चुकलों, तें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

पडतांना माणूस हात पुढें टाकतो. त्यामुळें कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकीं आंगठ्याकडील हाड मनगटाजवळ मोडतें. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं या भंगाचें वर्णन १८१४ सालीं, क्ष-किरणांच्या शोधापूर्वीं सुमारें ऐंशी वर्षें, केलें. आमच्या सुश्रुतानें तर भग्नचिकित्सेंत ओढणें, दाबणें, जुळविणें व बांधणें हे उपाय सांगून, बंध सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाहीं व अतिघट्ट असल्यास सूज व वेदना होतात, असें बजावलें आहे.

प्रत्येक भंगास शस्त्रक्रिया लागते असें नाहीं. बसविलेलें हाड प्लास्टरांत जागीं राहिलें, तर तेवढ्यानें काम भागतें. परंतु हाडाच्या मागील बाजूचा चुरा होणें, तुकडा वीस अंशांहून अधिक मागें कलणें, भंग सांध्यांत शिरणें, शेजारचें हाडही मोडणें, आणि साठीपुढील वय, यांपैकीं तीन गोष्टी एकत्र आल्या, कीं हाड पुन्हां सरकण्याचा संभव फार. अशा भंगास 'अस्थिर' म्हणतात. आठव्या दिवशींच्या छायाचित्रांत आक्कांचें हाड सरकलेलें दिसलें, व सांध्याच्या पृष्ठभागांत पायरी पडली होती.

आमचे थोरले चिरंजीव म्हणाले, धातूची पट्टी बसवावी. धाकट्यांस या वयांत शस्त्र नको होतें, आणि त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें पासष्टीच्या पुढील ७३ रोग्यांवर झालेली तुलना २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत पट्टीनें पकड अधिक बळकट झाली, पण वर्षाअखेर हालचाल व वेदना यांत फरक उरला नाहीं. उपद्रव मात्र शस्त्रक्रियेंत अधिक झाले. शेवटीं डॉक्टरांनीं आक्कांसच विचारलें. त्या म्हणाल्या, "लक्षवातीचा संकल्प सोडला आहे. हात लवकर मोकळा होईल तें करा."

पट्टी तळहाताच्या बाजूनें बसविली. मायामीचे शल्यवैद्य होर्हे ऑर्बे यांनीं या पद्धतीचा अनुभव २००२ सालीं प्रसिद्ध केला. पूर्वींचे मळसूत्री खिळे ठिसूळ हाडांत सैल पडत. या पट्टींत खिळ्याच्या डोक्यासही आटे असून तें पट्टींतच घट्ट बसतें. त्यामुळें हाडास भक्कम आधार मिळून हालचाल लवकर सुरू करतां येते. पट्टीचा मुख्य लाभ तो हाच.

आणि तोच लाभ आम्हीं दवडला. डॉक्टरांनीं बोटें त्याच दिवसापासून मिटावयास व उघडावयास सांगितलीं होतीं. पण सुना त्यांस भरवीत, वेणी घालीत. मी स्वतः त्यांचा हात झोळींत ठेवून "आक्का, हालवूं नका" म्हणें. तीन आठवड्यांनीं पाहतों तों बोटें काष्ठवत् झालेलीं! पुढें कित्येक महिने रोज कोमट पाण्यांत हात बुडवून त्यांनीं बोटें मिटण्याचा अभ्यास केला, व अखेर कापूस हातीं घेऊन वाती वळूं लागल्या. कार्तिकांत संपावयाचा संकल्प माघांत सिद्धीस गेला.

तरी वाचकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बोटें बधिर झालीं, काळीं-निळीं पडलीं, अथवा पुढें कधीं आंगठा मिटतांना करकर लागली, तर विलंब न करितां डॉक्टरांस दाखवावें. क्वचित् पट्टीवर घांसून आंगठ्याची शीर तुटते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलें, तर हाडें ठिसूळ झालीं आहेत काय, याची तपासणी करवावी. आणि रोग्यास जें स्वतः करतां येतें, तें त्याच्या हातून काढून घेऊं नये.

आक्कांची करंगळी अद्याप पुरती मिटत नाहीं. त्या कोणास दोष देत नाहींत. परंतु तो दोष आमचा आहे.