फुलं कशाला काढायची?

काही वर्षांपूर्वी मुंब्र्यात बायकांसाठी आर्ट थेरपीची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. प्रशिक्षक बाई परदेशातून आलेल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. 'तुमची सुरक्षित जागा काढा,' असं सांगितल्यावर साठी उलटलेल्या एका खालांनी दार काढलं. नुसतं दार, आतून तीन कड्या. १९९३ च्या जानेवारीत मुंबईतलं घर सुटलं ते कायमचं. बाई म्हणाल्या, 'सुंदर! आता रंग भरा, भोवती फुलं काढा.' खाला माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'फूल कायको? उधर नहीं थे.'

मी त्याचं भाषांतर केलं नाही. नुसती हसले. फुलं शेवटी बाईंनीच काढून दाखवली, आणि तेच चित्र पुढे संस्थेच्या माहितीपत्रकावर छापून आलं. खालांना कुणी विचारलं नाही.

माझा आक्षेप चित्र काढण्याला नाही. जे तोंडाने सांगता येत नाही ते हाताने येतं, हे त्या दिवशी मी पाहिलं. तस्वीर हराम म्हणणारे आणि प्रत्येक दुखण्यावर 'सब्र करो' एवढंच औषध देणारे आपल्या मोहल्ल्यातले शहाणे मला अजिबात मान्य नाहीत. (तीस वर्षं झोप न लागलेल्या बाईला सब्र शिकवायला जिगर लागते!) पण जखम फक्त मनात आहे आणि रंगपेटीने ती भरेल, हे तरी कसं मानायचं?

श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतले ९०० मृत्यू नोंदवले, त्यात ५७५ मुसलमान. अहवाल १९९८ मध्ये आला. बेपत्ता १६८ जण. त्यांतल्या ६० जणांच्याच घरच्यांना भरपाई मिळाली आणि उरलेल्या १०८ कुटुंबांना शोधा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. अशा घरातल्या बाईला आपण 'मन मोकळं करा' म्हणतो. मोकळं करून ते ठेवायचं कुठे?

चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं गायब केली गेली, त्या बायका चर्चच्या आसऱ्याने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या शिवत. आपल्या गोधडीच्याच जातीचं काम. त्यातून आपलं माणूस कुठे आहे, हे त्या विचारत. ते कापड देशाबाहेर विकलं जाई, त्यावर चूल पेटे आणि जगाला बातमी कळे. सरकारला त्या चिंध्या देशद्रोही वाटत. त्यांनाही शिवताना आधार मिळत होता. पण कुणी त्यांना फुलं टाकायला लावली नव्हती.

तेव्हा पुढची कार्यशाळा घेणाऱ्यांनी रंगपेटीबरोबर एक वकीलही आणावा. चित्र जिचं, तिच्याच घरी राहू द्यावं. आणि एकदा येऊन फोटो काढून जाणार असाल तर येऊच नका. दर आठवड्याला येणार असाल तर जागा मी शोधून देते. दुभाषी म्हणूनही येईन. या वेळी सगळं भाषांतर करीन.