बिरसीची धावपट्टी आणि साकोलीचा हिस्सा

विमानतळ चालविणाऱ्या संस्थांच्या अहवालांत अलीकडे 'भागीदारी' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जाऊ लागला आहे. परिसरातील शाळांना बाके दिली, कुंपणालगत झाडे लावली, महिला बचतगटांना विक्रीसाठी जागा दिली, की विमानतळ हा स्थानिक समाजाचा आणि पर्यावरणाचा भागीदार झाला असे मानण्याची रीत पडली आहे. या कामांची थट्टा करण्याचे कारण नाही. शाळेला बाके मिळाली तर ती हवीच आहेत. परंतु भागीदारी या शब्दाला अर्थव्यवहारात एक निश्चित अर्थ आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याने भागीदाराला नफ्यातला वाटा तर दिलाच, शिवाय हिशेबाच्या वह्या उघडून पाहण्याचा हक्कही दिला. ज्याला वही पाहता येत नाही त्याला व्यवहारात आश्रित म्हणतात. तेव्हा भंडारा-गोंदिया भागातील जनतेने हा शब्द ऐकताच विचारण्याचा पहिला प्रश्न असा की, वही कोठे आहे?

साकोलीहून साठेक किलोमीटरवर, गोंदियाच्या पलीकडे बिरसीचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. साम्राज्याच्या युद्धासाठी बांधलेल्या या पट्टीबाबत आजूबाजूच्या धान उत्पादकाचे मत कोणी घेतले असण्याचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर ती दीर्घकाळ जवळजवळ निरुपयोगी पडून राहिली. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि २००५ च्या सुमारास औद्योगिक विकास महामंडळाकडून ही जागा भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. धावपट्टी वाढली, इमारत उभी राहिली, कॅनडातील एका कंपनीच्या भागीदारीत वैमानिक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. विस्तारासाठी बिरसी व लगतच्या गावांतील जमीन घेण्यात आली. कॅनडाच्या कंपनीशी भागीदारीचा करार झाला. बिरसीच्या शेतकऱ्याशी मात्र संपादनाचा व्यवहार झाला. दोन्ही व्यवहारांत भांडवल पुरविणारे होते, पण एकाचे भांडवल करारात नोंदले गेले आणि दुसऱ्याचे केवळ सातबाऱ्यावरून वजा झाले. त्यानंतर पुनर्वसनाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि प्रकल्पग्रस्तांना आपल्याच गावाच्या वेशीवर आंदोलने करावी लागली.

प्रवासी वाहतूक सुरू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. 'उडान' योजनेखाली इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा मोठ्या समारंभाने सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. पुढे २०२३ च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपनीने हैदराबादची सेवा सुरू केली. या योजनेचे अर्थशास्त्र कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कंपनीला जी तूट येईल ती भरून देण्यासाठी निधी असतो. त्यातील वीस टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्याने उचलायचा असतो. याशिवाय इंधनावरील कर जवळजवळ सोडून द्यायचा, पोलीस आणि अग्निशमन व्यवस्था फुकट पुरवायची, वीज-पाणी सवलतीने द्यायचे. म्हणजे जो साकोलीचा मजूर जन्मात विमानात बसणार नाही, तोही काडेपेटीपासून कापडापर्यंतच्या करांतून या उड्डाणाचा एक बारीकसा भागधारक झालेला आहे. अनुदान वाईट, असा याचा अर्थ नाही. मागास भागाला दळणवळण मिळावे यासाठी समाजाने तूट सोसणे ही समाजवादाला परकी कल्पना मुळीच नाही, एस.टी.ची लाल गाडी याच न्यायाने आडरानातल्या गावांत गेली. परंतु तूट जर समाजाची, तर हिशेबही समाजापुढे यायला हवा. आणि कंपनीने गाशा गुंडाळला तर ज्याची जमीन गेली त्याला काय मिळाले, याचे उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

साकोलीकरांना हा प्रश्न नवा नाही. साकोली-लाखनी पट्ट्यातील मुंडीपार येथे २०१३ साली भेलच्या सौरसाहित्य कारखान्याचे भूमिपूजन झाले. जमिनी गेल्या, कोनशिला बसली, कारखाना आला नाही. कोनशिलेच्या कार्यक्रमाची छायाचित्रे त्या पट्ट्यातल्या किती घरांत जपून ठेवली असतील कोण जाणे! ज्या प्रदेशाने हे पाहिले, त्याने बिरसीकडे केवळ विकासाच्या आनंदाने पाहावे ही अपेक्षा अवास्तव आहे.

भागीदारी खरोखर कशी असू शकते याचा दाखला देशातच आहे. केरळात कोचीचा विमानतळ १९९९ साली सुरू झाला तो राज्य सरकार आणि परदेशांत राबणारे हजारो मल्याळी यांच्या भागभांडवलावर. ज्यांची घरे हलली त्यांच्यातील अनेकांना विमानतळावरच काम आणि टॅक्सीचे परवाने मिळाले, आणि टॅक्सीचालकांची सहकारी संस्था उभी राहिली. २०१५ पासून तो सर्वस्वी सूर्यशक्तीवर चालतो. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. पण विस्थापिताचे उत्पन्न विमानतळाच्या वर्दळीशी जोडले गेले, आणि वर्दळ वाढली की त्याचीही मिळकत वाढली, ही गोष्ट महत्त्वाची. दुसरा दाखला नवी मुंबईचा, आणि तो अधिक झोंबणारा आहे. तेथील विमानतळासाठी दहा गावे उठली व त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचे सूत्र मिळाले. ते कोणा अधिकाऱ्याच्या उदारतेतून निघालेले नाही. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाचजण हुतात्मा झाले, त्यातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व मान्य झाले, आणि त्या पायावर पुढचे सूत्र उभे राहिले. अहवालातील गुळगुळीत 'भागीदारी'च्या तळाशी असे रक्त असते.

बिरसीला कोचीइतकी वर्दळ नाही, तेव्हा टॅक्सीच्या परवान्यांनी सर्वांचे पोट भरणार नाही हे उघड आहे. प्राधिकरणाने २०२२ पासून आपल्या विमानतळांवर बचतगटांना आळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस विक्रीची जागा देण्याची 'अवसर' योजना चालविली आहे. कल्पना चांगली आहे. पण पंधरवडाभराची टपरी ही ओळख करून देण्यापुरती ठीक. जेथे दिवसाला मोजकेच प्रवासी येतात तेथे तिच्यावर संसार कसा चालावा? त्यापेक्षा विमानतळाच्या आणि प्रशिक्षण संस्थेच्या खाणावळीचा तांदूळ, मासळी, भाजीपाला हा परिसरातील गटांकडून आणि मच्छीमार सहकारी संस्थांकडून वर्षभराच्या कराराने घेतला गेला, तर तो रोकडा आधार ठरेल. धान विमानाने जात नाही, हे खरे. पण विमानतळ भात तर खातो.

पर्यावरणाची बाजू याहून नाजूक आहे. हा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाने खोदलेले आणि मालगुजारीच्या काळात सांभाळले गेलेले तलाव साकोलीच्या परिसरात आजही धानाला पाणी देतात. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, मालगुजार हा शेवटी मालगुजारच होता. तरी तलावात शेतकऱ्याचे पाणी, ढिवराची मासोळी आणि गावाचा निस्तार अशा वाटण्या ठरलेल्या होत्या आणि पाळीवरून भांडणे झाली तरी वाटा कोणाचा हे सर्वांना ठाऊक असे. याच तलावांच्या आणि बांध्यांच्या आधाराने सारस पक्षी टिकला. महाराष्ट्रात तो आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला असून त्याची संख्या अलीकडच्या गणनांत चाळिसाच्याही आत आली आहे. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. दरवर्षी उन्हाळ्यात स्वयंसेवक आणि शेतकरी मिळून सारस मोजतात, आणि धानाच्या बांधीत घरटे असले तर शेतकरी त्या कोपऱ्याला हात लावीत नाही. भागीदारी म्हणावी ती याला.

आता विमानाच्या दृष्टीने मोठा पक्षी हा धोका असतो, हे नाकारून चालणार नाही. म्हणूनच विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा व मांसाचे अवशेष टाकण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यांवर घारी-गिधाडे जमतात. ही बंदी पाळायची कोणी? ग्रामपंचायतीने. खर्च कोणाचा? तोही ग्रामपंचायतीचा! सुरक्षिततेचा लाभ विमानाला आणि बोजा ज्या पंचायतीला शिपायाचा पगार जड जातो तिला, हा उलटा न्याय होय. त्या परिघातील गावांच्या कचऱ्याची व्यवस्था विमानतळाने आपल्या खर्चाने, पंचायतीच्या देखरेखीखाली चालवावी. तसे झाले तर गावही स्वच्छ राहील आणि पक्ष्यांना हुसकावण्याच्या नावाखाली पाणथळी बुजविण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात येणार नाही. तलावातील गाळ काढणे आणि सारसाची घरटी राखणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला देणे, ही कामे झाडे लावण्याच्या समारंभाहून कितीतरी मोलाची आहेत.

प्राधिकरण ही सार्वजनिक संस्था असल्यामुळे २००५ चा माहिती अधिकार कायदा तिला लागू आहे. गोंदिया, साकोली, लाखनी येथील कार्यकर्त्यांनी एकत्र बसून अर्ज करावा: बिरसीसाठी घेतलेल्या जमिनीपैकी कितीचा मोबदला पोचला, किती कुटुंबांच्या हाती घराचा भूखंड नावावर झाला, स्थानिकांपैकी किती माणसे कायम नोकरीवर आणि किती कंत्राटदाराकडे आहेत, उड्डाणांसाठी राज्याने आजवर किती रुपये दिले, आणि परिसरातील गावांच्या पाणी व कचऱ्यावर विमानतळाने किती खर्च केला. उत्तरे आली की ती बिरसीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि मुंडीपारच्या शेतकऱ्यांना त्या सभेला बोलवावे.