रूपकाचा आडोसा

एखादी भयकादंबरी 'वाङ्मयीन' ठरवायची असली की आपली समीक्षा एक ठरावीक युक्ती योजते. भूत हे भूत नसून इतिहास आहे, पछाडणे हे पछाडणे नसून दडपलेली स्मृती आहे, असे एकदा दाखवून दिले की संहिता अभ्यासक्रमात घेण्याइतकी सोवळी होते. नारायण धारपांच्या वाट्याला ही सोय फारशी आली नाही, म्हणून ते 'लोकप्रिय' या कप्प्यात राहिले. परभाषेतील कादंबरीला मात्र ती तत्काळ मिळते. या युक्तीलाच माझा आक्षेप आहे.

मारियाना एन्रिकेस या अर्जेंटिनी लेखिकेची 'नुएस्त्रा पार्ते दे नोचे' (२०१९), म्हणजे 'आपल्या वाट्याची रात्र', ही एर्राल्दे पारितोषिक मिळालेली कादंबरी पाहावी. हुआन हा 'काळोखा'चे माध्यम आहे. धनाढ्य घराण्यांचा एक पंथ त्याच्याद्वारे अमरत्व मिळवू पाहतो. हुआनची पत्नी रोसारियो मरण पावली आहे, आणि मुलगा गास्पार याच्याकडे हा वारसा जाऊ नये म्हणून त्याची धडपड चालली आहे. कथन १९८१ मध्ये, म्हणजे १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीच्या काळात, सुरू होते. एवढ्यावरून समीकरण तयार होते : काळोख म्हणजे लष्करशाही.

प्रश्न असा की, लष्करशाही कादंबरीत सदेह उपस्थित असताना तिला रूपकाची गरज काय? माणसे नाहीशी केली जाण्याच्या त्या काळात पंथाला बळी मिळवणे सोपे जाते. एक प्रकरण तर सामूहिक दफनखड्ड्यावरील पत्रकारी वृत्तांताच्या रूपात आहे. वाच्यार्थानेच जे सांगितले आहे ते व्यंग्यार्थ म्हणून शोधून काढण्यात कसली चिकित्सा? राजवट आणि काळोख या दोन वेगळ्या सत्ता आहेत आणि त्या एकमेकींच्या सोयीने चालतात, हे या कादंबरीचे खरे भयावह विधान होय. समीकरण मांडताच ते पुसले जाते. तोदोरोव्ह यांना अभिप्रेत असलेली साशंकता येथे नाही, काळोख खराच आहे. परंतु रूपकात्मक वाचन अद्भुताच्या मुळावर येते, हे त्यांचे १९७० मधील प्रतिपादन येथेही लागू पडते.

या वाचनात सर्वांत मोठी हानी होते ती शोकाची. ज्याला मृत दिसतात त्या हुआनला आरंभी स्वतःच्या पत्नीचाच माग लागत नाही. पुढे पंथापासून मुलाला वाचवण्यासाठी तो त्याच्या हातावर खोल जखम करून संरक्षक चिन्ह कोरतो. मुलाला दिसतो तो केवळ बापाचा क्रूरपणा. ही जखम 'हिंसेच्या वारशाचे प्रतीक' ठरवली की रक्त थांबते आणि समीक्षकाची सुटका होते. ती खरी मानली, तर ज्या हाताने माया करायची त्याच हाताने इजा करावी लागणे म्हणजे काय, या प्रश्नापाशी आपल्याला थांबावे लागते. कुटुंबाविषयी ही कादंबरी जे जाणते ते येथे आहे.

इतिहास वाचू नये असे माझे म्हणणे नाही. गूढविद्येचे नियम, म्हणजे तिची किंमत, तिचा देह, तिचा वारसा, हे आधी संहितेतील वास्तव म्हणून वाचावेत. इतिहास त्यांतूनच येईल. हीच कसोटी मग धारपांना आणि रत्नाकर मतकरींनाही लावावी. त्यांच्या काही कथा तिला उतरणार नाहीत. पण त्या भयकथा म्हणून उणी ठरतील, रूपक नाहीत म्हणून नव्हे.