मुलांना पाण्याचा हिशेब शिकवा

२२ मार्च जवळ आला की शाळाशाळांतून जलदिनाची तयारी सुरू होते. प्रभातफेरी निघते, फळ्यावर सुविचार चढतो, चित्रकला स्पर्धेत थेंबांना डोळे फुटतात आणि शेवटी सगळी मुले हात पुढे करून प्रतिज्ञा घेतात : दात घासताना नळ बंद ठेवीन. यात वाईट काही नाही. तक्रार एवढीच की बहुतेक ठिकाणी पाण्याचे शिक्षण इथे सुरू होते आणि इथेच संपते.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात, सवयी लहानपणीच लागतात आणि मूल घरी जाऊन आईबापांनाही टोकते. म्हणणे खरे आहे. शहरात माणशी रोज १३५ लिटरचे माप धरलेले असते. तिथे गळता नळ आणि गच्चीवरची भरून वाहणारी टाकी हे मुलांनी टोकण्याचेच विषय. पण हाच धडा माण किंवा आष्टी तालुक्यातल्या वाडीवर जसाच्या तसा कसा शिकवणार? जिचा उन्हाळा टँकरपुढे हंड्यांची रांग सांभाळण्यात जातो, ती मुलगी काटकसर आईच्या हाताखाली शिकूनच शाळेत येते. तिच्या घरी बंद करायला नळच नसतो.

याहून मोठी खोट वेगळीच आहे. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरच्या मुलांनी दात घासताना नळ उघडे ठेवले म्हणून ती वेळ आली नव्हती. थेंब वाचवण्याचा उपदेश लहानथोर सगळ्यांना सारखेच दोषी ठरवतो, म्हणून तर तो सगळ्यांना सोयीचा वाटतो. धरणातले पाणी कोणत्या पिकाला गेले, नदीकाठच्या मोटारी कुणाच्या, हे प्रश्न त्यात येतच नाहीत.

ते यावेत असे वाटत असेल तर मुलांच्या हाती मोजमाप द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी होते. पाचवीच्या मुलाला एवढ्या सूत्रावर पुढचे गणित करता येते. हजार हेक्टर शिवार आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर, म्हणजे ४०० कोटी लिटर पाणी. गावात हजार माणसे असतील तर जलजीवन मिशनच्या रोजच्या ५५ लिटरच्या मापाने त्यांना वर्षाला सुमारे २ कोटी लिटर लागते. दुष्काळी म्हणवणाऱ्या गावावरही घरगुती गरजेच्या दोनशेपट पाणी पडते! मग टँकर का येतो? बरेच पाणी वाफ होऊन उडते, बरेच ओढ्याने वाहून जाते, आणि जे मुरते त्यातले बहुतेक पिके पितात. एक हेक्टर ऊस दीड ते अडीच कोटी लिटर पाणी घेतो, म्हणजे जवळपास साऱ्या गावाचे वर्षाचे पाणी.

इथे शिक्षक दचकतात. ‘हे राजकारण झाले. वर्गात ऊसवाल्याचाही मुलगा बसलेला असतो.’ बसू दे. हिशेब कुणाच्या बापाला शिव्या देत नाही. उसाला ठरलेला दर आहे, कारखान्यासारखे हक्काचे गिऱ्हाईक आहे. ज्वारी-हरभऱ्याच्या वाट्याला तशी खात्री क्वचितच येते, हेही त्याच हिशेबात मांडावे लागते. बाप ऊस का लावतो हे समजलेला मुलगा बापाचा वैरी होत नाही, उलट त्याची अडचण नेमकी मांडू शकतो.

दुसरा आक्षेप असा की नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहेच, आणखी काय हवे? पुस्तक हवेच, पण आपल्या गावच्या विहिरीची पातळी कोणत्याही पुस्तकात छापलेली नसते. ती दोरीला दगड बांधून मोजावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेने गावातल्या दोन-तीन विहिरी दरमहा मोजाव्यात. सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवला आणि त्यातल्या पाण्यात रोज सकाळी पट्टी बुडवली की पावसाची नोंद होते. हापसा कोणत्या महिन्यात आटला, टँकर कधी सुरू झाला, हेही वहीत उतरावे. आणि रब्बीच्या पेरणीआधी मुलांनी ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी.

हे स्वप्नरंजन नाही. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाच्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने ग्रामसभा दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढते, मग पिके ठरवते. ७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटले, भूमिहीनांचाही वाटा मानला आणि उसाला नकार दिला. मोठ्यांना जमलेल्या या कामाचा मोजणीचा भाग मुलांना अवघड नाही.

‘पण मोठ्यांचे ओझे मुलांवर का?’ असे कुणी विचारील. ओझे खरे तर आजच्या प्रतिज्ञेतच आहे. पाणी उधळायचे मोठ्यांनी आणि ते वाचवायची शपथ घ्यायची मुलांनी. मुलांनी फक्त मोजावे आणि विचारावे. कोणते पीक घ्यायचे, नवी बोअर पाडू द्यायची की नाही, हे ग्रामसभेनेच ठरवायचे आहे. मात्र मुलांनी मांडलेले आकडे समोर असताना ‘यंदा पाऊसच झाला नाही’ एवढे सांगून गावकारभाऱ्यांना सुटता येणार नाही. त्यांची ही पंचाईत होत नसेल, तर मुलांना पाणी शिकवले असे म्हणण्यात अर्थ नाही.