मशिदीतली खुर्ची

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत सफेच्या टोकाला चार-पाच खुर्च्या ठेवलेल्या असतात. गुडघे दुखणारे चाचालोक त्यांवर बसून नमाज पढतात. ‘सब्र करा, गुडघे आपोआप मजबूत होतील,’ असं त्यांना कुणी सांगत नाही. उभं राहता येत नसेल तर बसून आणि बसवतही नसेल तर पडून नमाज अदा करता येते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजे नंतर पूर्ण करायची मुभा तर कुरआनातच आहे.

मला मात्र आजवर सब्रच सांगितला गेला. मी स्वमग्न आहे. निदान झालं ते वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. ईदला घरात वीस माणसं एकाच वेळी बोलत असतात. भांड्यांचा आवाज, अत्तराचा वास, येणाऱ्या प्रत्येकाची गळाभेट. दुपारपर्यंत माझी वाचाच बंद होते. मग मी दिवा न लावता न्हाणीघरात बसून राहतो आणि बाहेर बोलणं चालतं, ‘इंजिनिअर झाला ना, आता कशाला मिसळेल!’ खरं तर मला माणसं आवडतात.

ताण सोसायची ताकद वाढव, असं सगळे म्हणायचे. तेही केलं. नजरेला नजर द्यायला शिकलो, विनोद कळला नाही तरी हसायला शिकलो. ऑफिसात दिवसभर हे नाटक करून घरी आलो की जेवायचंही त्राण उरत नसे. अशी ताकद उसनी असते. तिची परतफेड रोज रात्री करावी लागते.

उपयोगी पडल्या त्या साध्या गोष्टी. दावतीला जाण्याआधीच किती वाजता निघणार ते सांगून ठेवतो. गर्दीतून आल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही. ऑफिसात कामातले बदल लेखी द्या म्हणालो. तसे मिळू लागले. खिशात तसबीह असते. पूर्वी अस्वस्थ झालो की बोटं हलवायचो, लोक टक लावून बघायचे. आता मणी फिरवतो, तर कुणाचं लक्षही जात नाही. बोटांची गरज तीच आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव, असंही तो सांगतो. पण कायदा ईदच्या दिवशी आपल्या दिवाणखान्यात येणार नाही. तिथलं काम आपलंच आहे.

सब्राची मला कदर आहे. जे टळत नाही, ते सोसायला तो लागतोच. पण जे ओझं सहज उतरवता येतं, तेही समोरच्याच्या डोक्यावर ठेवून त्याला सब्राचा उपदेश करू नये. पुढच्या ईदला, लग्नाला, इफ्तारला एक खोली शांत ठेवा. तिचं दार लोटलेलं दिसलं तर ठोठावू नका. आतला माणूस रुसलेला नाही. थोड्या वेळानं तो स्वतःच शीरखुर्मा मागायला येईल.