कारवाई हवी, पण विषबाधेआधी

बारामती, प्रतिनिधी – मुंबईतील मानखुर्द परिसरात मे २०२४ मध्ये गाडीवरचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर एका १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि दोघा विक्रेत्यांना अटक झाली. त्याच्या काही दिवस आधी गोरेगावातही शोरमा खाल्लेल्या बारा जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. या घटनांकडे केवळ महानगराचा प्रश्न म्हणून पाहणे आता परवडणारे नाही. शोरमा, मोमो आणि बर्गर तालुक्याच्या गावी केव्हाच पोहोचले आहेत. बारामतीत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि औद्योगिक वसाहतीतील कामगार, तर इंदापूर, भिगवणला पुणे-सोलापूर महामार्गावरील प्रवासी हा त्यांचा हक्काचा ग्राहक आहे.

धोका नेमका कोठे असतो? शोरम्याच्या मांसाचा बाहेरचा थर भाजला जातो, आतला मात्र कच्चा राहू शकतो. गर्दीच्या वेळी तो घाईने कापला जातो. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात तासन् तास राहिले, की जिवाणू झपाट्याने वाढतात. काहींचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे तेलंगण सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. पाण्याचा प्रश्न तर पुणे जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. २०२५ च्या प्रारंभी पुणे परिसरात पसरलेल्या गुइलेन बॅरे सिंड्रोमच्या साथीत संशय प्रामुख्याने दूषित पाण्यावर होता.

मोठ्या साखळी उपाहारगृहांतही विषबाधा होते. अमेरिकेत २०२४ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या बर्गरमधून ई-कोलायची बाधा होऊन १०४ जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. फरक पुढचा आहे. रुग्णांच्या नोंदी आणि पुरवठ्याची कागदपत्रे यांच्या आधारे तपास काही दिवसांतच कापलेल्या कांद्यापर्यंत पोहोचला आणि तो कांदा वापरातून काढण्यात आला. ही शिस्त बारामतीला अपरिचित नाही. येथील डायनॅमिक्स डेअरीने मॅकडोनाल्ड्सला चीज पुरवले, ते शीतसाखळी आणि नोंदींच्या बळावरच. त्याच गावातील गाडीवरचे चिकन कोठून आले, कधी शिजले, याची नोंद मात्र कोणी मागत नाही.

कायदा अपुरा आहे, असे नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. हातगाडीवाल्यालाही नोंदणी बंधनकारक आहे. डॉक्टरांनी विषबाधेची माहिती प्रशासनाला कळवावी, असा आदेश काढण्याची तरतूद आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूदही आहे. परंतु नमुन्याच्या विश्लेषणाला चौदा दिवसांची मुदत असते. तोवर उरलेले अन्न फेकले गेलेले असते. अन्न व औषध प्रशासनाचे विभागीय कार्यालय पुण्यात, म्हणजे बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटरवर. दुर्घटनेनंतर तेथून येणारे पथक दोषी शोधू शकेल, दुर्घटना टाळू शकणार नाही.

म्हणून जबाबदारी स्थानिक पातळीवर आणावी लागेल. दोन्ही नगरपरिषदा, तालुका आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी सायंकाळच्या वेळी, म्हणजे व्यवसाय जोरात असताना, संयुक्त तपासणी करावी. पाणी, बर्फ, शीतकपाट आणि मेयोनीज यांवर भर द्यावा. एकाच ठिकाणी खाल्लेले दोन-तीन रुग्ण आले, तर रुग्णालयाने त्याच दिवशी कळवावे. विक्रेत्यांना आधी प्रशिक्षण द्यावे, नंतर दंड करावा. कारण एका गाडीवरच्या विषबाधेने शेजारच्या दहा प्रामाणिक गाड्यांचा धंदा बसतो.

ग्राहकानेही नोंदणी क्रमांक पाहण्याची सवय लावून घ्यावी. चौदा अंकी क्रमांक विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. तो विचारलाच गेला नाही, तर मानखुर्दसारखी बातमी उद्या बारामती किंवा इंदापूरचे नाव घेऊन येऊ शकते.