काळाच्या चाळणीची थाप

कलेविषयी चार शब्द बोलायची वेळ आली की आपल्याकडील जाणती मंडळी एक वाक्य हमखास फेकतात : काळाच्या चाळणीतून निकस ते गळून जाते आणि सकस तेवढे मागे उरते. ऐकायला हे मोठे भारदस्त वाटते. शिवाय सोयीचेही आहे; चाळणी काळाच्या हाती सोपवली की आपल्याला हात हलवावा लागत नाही. मला हे वाक्य साफ खोटे वाटते, आणि ते का, हे एका तबकडीच्या आधारे सांगावयाचे आहे.

तबकडी लहान, सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी १९७६ साली तिच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या, त्याही वाजविणाऱ्यांनी स्वतःच्या खटपटीने काढलेल्या. एका बाजूस 'पॉलिटिशियन्स इन माय आईज', दुसऱ्या बाजूस 'कीप ऑन नॉकिंग'. आणि वाद्यवृंदाचे नाव (सणासुदीला लिहितो आहे, वाचकांनी रागावू नये) 'डेथ'. म्हणजे साक्षात मृत्यू!

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तिघे सख्खे भाऊ, कृष्णवर्णीय. १९६४ साली बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर प्रथम झळकले, तेव्हा वडिलांनी पोरांना मुद्दाम समोर बसवून तो कार्यक्रम दाखविला होता. डेट्रॉइट हे मोटाउन कंपनीचे माहेरघर. काळ्या मुलांनी गायचे ते 'सोल' गायचे, अशी त्या गावाची रीत. या तिघांनी मात्र गिटार, बास आणि ड्रम एवढ्यावर असा धडाडता, वेगवान रॉक उभा केला की शेजारपाजाऱ्यांनी कानांवर हात ठेवावेत. पुढे वडील अपघातात गेले. तेव्हा थोरल्या हिकमतीच्या डेव्हिडने हे नाव सुचविले. मरणाचा शब्द आपण आपल्या हाती घ्यावा, त्याची भीती काढून टाकावी, असा त्याचा विचार.

१९७५ साली युनायटेड साउंड या स्टुडिओत त्यांची सात गाणी मुद्रित झाली. व्हायची होती बारा. भाऊ सांगतात ते असे : एका बड्या कंपनीचा प्रमुख त्यांच्यावर पैसा लावायला तयार होता, फक्त नाव बदला म्हणाला. डेव्हिडने नकार दिला. पैसा थांबला, गाणीही सातावरच थांबली.

"काय बिघडले असते नाव बदलले असते तर?" असे विचारणारे शहाणे मला भेटतात. हा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये. घरात मुले जगेनात म्हणून जगलेल्याचे नाव धोंडू, केरबा ठेवणारे आईबाप आपलेच ना? त्यांना कोणी म्हटले नाही की जरा गोंडस नाव ठेवा, बाजारात चालेल. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा आपणच लावतो. दिवाळीसारख्या सणातही ज्याला आपण उंबरठ्यावरून हाकलीत नाही, त्याचे नाव त्या पोराने घेतले तर ते त्याचे दुःख होते. दुकानावरची पाटी नव्हती.

पुढची हकीगत थोडक्यात. तबकडी चालली नाही. भाऊ व्हरमाँट राज्यात गेले, तिथे भक्तिपर रॉक वाजवू लागले. डेव्हिड डेट्रॉइटला परतला आणि २००० साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने वारला. जाण्यापूर्वी मूळ फिती बॉबीच्या स्वाधीन करून, जग एक दिवस हे शोधीत येईल, असे त्याने बजावले होते. इकडे रामोन्स या न्यूयॉर्कच्या चमूची पहिली तबकडी १९७६ साली आली आणि 'पंक' संगीताच्या जन्माचे पेढे तिच्या नावाने वाटले गेले. हॅकनी बंधूंची सात गाणी त्याच्या आदल्या वर्षीच फितीवर होती!

मग ती वर कशी आली? काळाने आणली नाही. जुन्या तबकड्यांच्या ढिगाऱ्यात उकिडवे बसून धूळ खाणाऱ्या काही वेड्यांनी आणली. त्या ५०० पैकी एखादी प्रत त्यांच्या हाती लागली, त्यांनी ती नुसती जपली नाही तर दुसऱ्यांना ऐकविली. ऐकता ऐकता ते गाणे कॅलिफोर्नियात बॉबीच्याच मुलाच्या कानी पडले आणि हा आवाज आपल्या बापाचा आहे, हे त्याने ओळखले. बापाने घरात चकार शब्द काढला नव्हता! २००९ साली ड्रॅग सिटी कंपनीने सातही गाणी प्रसिद्ध केली. अर्ध्या तासाच्या आत संपतात. मुद्रण ओबडधोबड आहे, आणि तेच त्याला शोभते. पुढाऱ्यांवरचे ते गाणे ऐकावे : बॉबीचा सूर आधी ऐटीत चालतो, मग एकाएकी चवताळून उठतो.

"म्हणजे शेवटी न्याय झालाच की!" असे चाळणीवाले म्हणतील. पुरातून वाचलेल्या एकाकडे बोट दाखवून कोणी बुडालेच नाही म्हणण्यातला हा प्रकार. ज्यांची पाचशेवी प्रतही भंगारात गेली, त्यांची गणती हे कशी करणार? आणि न्याय म्हणावा, तर ज्याने नाव सोडले नाही तो नऊ वर्षांपूर्वीच मातीत गेला होता. दुर्मिळ म्हणून ती तबकडी शेकडो डॉलरांना विकली जात होती, त्यातला एक सेंटही हॅकनींच्या घरी पोचला नाही. अशी तबकडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कधीच न वाजविणारे शौकीन असतात, त्यांच्यात आणि रद्दीवाल्यात मला फारसा फरक दिसत नाही.

यंदाच्या साफसफाईतून तुमच्या माळ्यावरची तबकड्यांची पेटी वाचली असेल, तर ती खाली काढा. लताबाई आणि बाबूजी यांची काळजी नाही. ते घरोघरी आहेत. ज्या लेबलावरचे नाव घरात कोणालाच ओळखू येत नाही, ती तबकडी आधी लावा.